रत्नाकरच्या हॉटेलातली थंड खोली

घाटांमागच्या दूधविनायकाच्या मराठी गल्ल्यांत शरदिनी सप्रेच्या कामाचा नीट अर्थ कोणालाच लागला नव्हता. ‘ऑडिट’ एवढा एक शब्द लोकांनी पकडला होता आणि त्यावरून ती आयकरवाल्यांची माणूस असल्याचं ठरवून टाकलं होतं. ती हळदीकुंकवाला आली की बायका नव्या पाटल्या पदराखाली घेत. एका घरी तर ती दारात दिसताच यजमानांनी नवा एसी बंद केला आणि सगळ्यांना घाम पुसत बसवलं.

शरदिनीला याची मनातून गंमत वाटे. गैरसमज दूर करायचा सोडून ती उलट भिंतींकडे नजर फिरवत विचारी, “पडदे नवे घेतलेत वाटतं?” मग यजमानांचा चेहरा बघत चहा पिण्यात तिला जो आनंद मिळे, तो चहाच्या चवीवर अवलंबून नसे.

खरं काम वेगळंच होतं. बँकेच्या कॉम्प्युटर विभागातली नोकरी सोडून, परीक्षा देऊन, ती पुण्याच्या एका कंपनीतर्फे स्वतंत्र तपासनीस झाली होती. हॉटेलात, दुकानात, इस्पितळात माणूस आपलं कार्ड विश्वासाने पुढे करतो. त्या कार्डाचा नंबर पुढे कुठे जातो, कुठे साठून राहतो, कोणाकोणाच्या नजरेला पडतो, हे शोधून काढायचं. मालक म्हणतो ‘सगळं ठीक आहे’, आणि ते खरंच ठीक आहे की नाही हे तिसऱ्या माणसाने सांगायचं. तो तिसरा माणूस म्हणजे शरदिनी. नवरा श्रीनिवास रेल्वेत, बहुधा फिरतीवर. घरी सासूबाई अन्नपूर्णाबाई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत.

उन्हाळा संपता संपता रत्नाकर खेरचं काम तिच्याकडे आलं. रत्नाकरचं दशाश्वमेध घाटाजवळ हॉटेल होतं. महाराष्ट्रातून येणारी यात्रेकरू मंडळी हटकून तिथेच उतरत, कारण तिथे वरणभात मिळे आणि आंघोळीला गरम पाणी आहे का हे मराठीत विचारता येई. आता एक मोठी यात्रा कंपनी त्याच्याकडे गट पाठवायला तयार होती, पण कार्ड-सुरक्षेचं प्रमाणपत्र असेल तरच.

“ताई, तूच आलीस म्हणजे चिंताच मिटली,” रत्नाकर म्हणाला. “घरचं काम आहे. देऊन टाक सर्टिफिकेट.”

“मी तुझी ताई कधीपासून झाले?”

“असं काय करतेस? शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचो मी.”

“मागच्या बाकावर बसणं हे नातं नाही. मी तसं कंपनीला लेखी कळवलंय,” शरदिनी म्हणाली. “आणि हा करार नीट वाचून सही कर.”

रत्नाकरने करार हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला आणि न वाचता सही ठोकली. त्यात एक कलम होतं, की तपासनीस पूर्वसूचना न देता, आपली ओळख लपवून, हॉटेलची परीक्षा घेऊ शकेल. शरदिनीने त्याच्या सहीकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं.

गुरुवारी येते असं सांगून तिने मंगळवारी दुपारीच जायचं ठरवलं. रत्नाकर जेवून घरी झोपला असणार याची खात्री होती. अडचण एकच होती. एकटी बाई कॉम्प्युटरच्या खोलीकडे फिरकली तर कोणीही हटकेल. सोबत दुसरा तपासनीस हवा, आणि पुण्याहून माणूस यायला वेळ लागणार होता. पण अन्नपूर्णाबाईंनी तिचं कंपनीशी फोनवर चाललेलं बोलणं ऐकलं होतं.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“आई, हे नाटक नाही.”

“नाटक नाही कसं? तू वेगळ्या नावाने जाणार, खोटं बोलणार. मग याला काय कीर्तन म्हणायचं?”

शरदिनीने पुण्याला पुन्हा फोन करून विचारलं. कंपनीची हरकत नव्हती, फक्त गोपनीयतेच्या करारावर सही हवी होती. अन्नपूर्णाबाईंनी सही केली आणि ती इतकी मनावर घेतली, की पुढचे काही दिवस शेजारणीने भाजीचा भाव विचारला तरी त्या म्हणत, “मला सांगता येणार नाही.”

मंगळवारी त्या ठेवणीतलं नऊवारी नेसल्या. कपाळावर गंध, हातात पितळी तांब्या. साताऱ्याहून आलेल्या यात्रेकरू सासू-सुना बनून दोघी हॉटेलात शिरल्या. काउंटरवर रुची नावाची तरुणी होती. शहराच्या लंका भागात राहणारी, नवीनच लागलेली, चेहऱ्यावर दमलेलं हसू. शरदिनी खोल्यांचे दर विचारू लागली आणि तेवढ्यात अन्नपूर्णाबाई एका हाताने खांब धरून खाली बसत म्हणाल्या, “अगं बाई, डोळ्यांपुढे अंधारी आली!”

हे ठरल्याप्रमाणेच होतं. बेताप्रमाणे शरदिनी पाणी आणण्याच्या निमित्ताने आत शिरणार होती. पण तिला काही करावंच लागलं नाही. रुची काउंटर सोडून धावत आली. “अरे माँजी! आइए, अंदर बैठिए। सबसे ठंडा कमरा वही है।” तिने म्हातारीला कमरेत हात घालून उठवलं आणि जिन्याखालच्या एका दाराशी नेलं. दार सताड उघडं होतं, पायाशी वीट लावलेली.

ती हॉटेलची कॉम्प्युटरची खोली होती. सगळी बुकिंगं, कार्डांचे सगळे व्यवहार तिथल्या यंत्रांतून जात. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथला एसी अहोरात्र चालू असे, आणि म्हणूनच आचाऱ्याने ती खोली आपलीशी केली होती. लोखंडी कपाटात दिवे लुकलुकत होते आणि त्याच कपाटाच्या दांडीला चक्क्याचं फडकं टांगलेलं होतं. खाली पातेलं. शेजारी तयार श्रीखंडाचा डबा. रुचीने वाटीत श्रीखंड काढून म्हातारीच्या हाती दिलं आणि शरदिनीला म्हणाली, “आप बैठिए, मैं पानी लाती हूँ।”

ती गेली. खोलीत तपासनीस, तिची सासू आणि हॉटेलचा सगळा कारभार, एवढेच उरले. शरदिनीने फोटो काढले. मग तारेच्या एका रिकाम्या खाचेत आपल्या लॅपटॉपची तार जोडून पाहिली, तर पाहुण्यांचं वायफाय आणि कार्डांचे व्यवहार एकाच रस्त्याने जात होते. म्हणजे वरच्या खोलीत सिनेमा बघणारा कोणीही, जरा हुशार असला, तर इथवर उतरू शकला असता.

“जरा आंबट आहे,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “पण केशर खरं आहे.”

निघताना शरदिनीने खोली राखून ठेवायची म्हणून विचारलं. रुचीने हॉटेलचा मोबाइल पुढे केला. “कार्ड का फोटो भेज दीजिए, दोनों तरफ़ से।” त्या मोबाइलात आलेल्या गेलेल्या सगळ्यांच्या कार्डांचे फोटो पडून होते, मागच्या बाजूच्या गुप्त आकड्यांसकट. ते आकडे व्यवहार झाल्यावर कुणीही, कुठेही ठेवायचे नसतात. इथे तर ते शुभप्रभातच्या फुलांमध्ये मिसळून गेले होते.

शरदिनी घरी निघाली. इतकी सोपी चोरी तिने पूर्वी पाहिली नव्हती, आणि तिचं सगळं श्रेय एका मुलीच्या चांगुलपणाला होतं. त्याचं तिला वाईट वाटत होतं.

गुरुवारी हॉटेल लखलखत होतं. वीट नाहीशी, चक्का नाहीसा, खोलीला कुलूप. रत्नाकरने सगळ्यांना एकच वाक्य पाठ करून दिलं होतं. आचाऱ्याला नाव विचारलं तरी तो म्हणाला, “जी, नियम के अनुसार।” शरदिनीने सगळं शांतपणे पाहून घेतलं आणि शेवटी मंगळवारचे फोटो टेबलावर मांडले. एका फोटोत अन्नपूर्णाबाई बोट चाटत होत्या.

रत्नाकरचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. “ही तर फसवणूक!”

“कलम तुझ्या सहीच्या बरोब्बर वर आहे.”

“रुचीला आजच काढतो.”

“काढलंस तर अहवालात लिहावं लागेल, की दोष दाराचा होता आणि तू माणूस बदललास,” शरदिनी म्हणाली. “तिला कोणी शिकवलं होतं का, की या खोलीत परका माणूस न्यायचा नाही?”

रत्नाकरने वरचा फोटो उलटा करून ठेवला. कोणी शिकवलं नव्हतं. त्यालाच ते माहीत नव्हतं.

अहवाल गेला: प्रमाणपत्र नाही, आधी सुधारणा. दुसऱ्याच दिवशी घरी लंगडा आंब्यांची पेटी आली, वर चिठ्ठी, ‘अन्नपूर्णाकाकूंना’. शरदिनी संध्याकाळी परतली तोवर काकूंनी दोन आंबे निकालात काढले होते.

“आई, तपासणी चालू असताना आपण काही घेऊ शकत नाही.”

“तू नाही घेऊ शकत. पेटीवर माझं नाव आहे.”

“तुम्ही करारावर सही केलीय.”

अन्नपूर्णाबाईंनी हताशपणे पेटीकडे पाहिलं. शरदिनी बाजारात गेली, तेवढेच दोन आंबे विकत आणून पेटीत बसवले आणि पेटी परत धाडली. त्यानंतर रत्नाकर तिला गल्लीत दिसला की ‘सप्रे मॅडम’ म्हणू लागला. हे तिला लागलं. पाटल्या झाकणाऱ्या बायकांवर हसणं सोपं होतं. पण मागच्या बाकावरच्या रत्नाकरने नजर चुकवून जावं, याची तिला सवय नव्हती. तिची चूक नव्हती, तरी दुपारी एकटी असताना आपण जरा जास्तच गंमत केली का, असं तिच्या मनात येऊन जाई.

पावसाळा ओसरल्यावर फेरतपासणीचं बोलावणं आलं. रत्नाकर बोलला नसला तरी काम त्याने चोख केलं होतं. वायफाय वेगळं, मोबाइल कोरा, खोलीला नवं दार. आचाऱ्याला स्वतःचा फ्रीज मिळाला होता आणि त्यामुळे ऑडिट या गोष्टीबद्दल त्याचं मत फार चांगलं झालं होतं.

शेवटी सगळे गच्चीवरच्या उपाहारगृहात गेले. एक पाहुणे बिल देत होते. वेटरने कार्डाचं छोटं यंत्र टेबलावर ठेवलं, आणि कठड्यावरून एक थोराड माकड उतरलं, यंत्र उचललं, शेजारच्या गच्चीवर गेलं आणि बटणं दाबत बसलं.

रत्नाकरने डोळे मिटून घेतले. वेटरने सवयीने केळं फेकलं. माकडाने थोडा विचार करून यंत्र टाकलं, केळं घेतलं. यंत्र परत आलं, चालूही होतं.

“काही बिघडलं नाही,” रत्नाकर घाईघाईने म्हणाला. “रुची, दे पाहुण्यांना.”

“नहीं सर,” रुची म्हणाली. तिने यंत्र पिशवीत घालून बंद केलं. “मशीन नज़र से दूर गई थी। बीच में किसने क्या किया, हमें नहीं पता। बैंक वाले देखेंगे, तब तक दूसरी चलेगी।” आणि तिने तिथूनच बँकेला फोन लावला.

“अगं, माकड होतं ते!” रत्नाकर कळवळला.

“इस बार बंदर था, सर।”

शरदिनीने रत्नाकरकडे पाहिलं. तो आधी चिडलेला होता, मग त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि तो खो खो हसत सुटला. हसता हसता म्हणाला, “ताई, हिला मी काढणार होतो!” त्या ‘ताई’ने शरदिनीचा जीव किती हलका झाला, हे तिने अहवालात लिहिलं नाही.

प्रत्येक अहवाल पुण्यात दुसरा तपासनीस वाचतो. हा अहवाल बकुळ नावाच्या काटेकोर मुलीकडे गेला. तिचा दोन दिवसांनी फोन आला.

“मॅडम, प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही. फक्त एक शंका. यंत्र हाताळणारी अनधिकृत व्यक्ती, तिथे तुम्ही ‘वानर, अंदाजे प्रौढ, नर’ असं लिहिलंय. टायपिंगची चूक आहे का?”

“नाही.”

पलीकडे कीबोर्डची बटणं खडखडली. मग बकुळने अगदी गंभीरपणे विचारलं, “ओळख पटवायचा काही पुरावा?”

“फोटो आहे,” शरदिनी म्हणाली. “पाठवते.”