मायच्या पदराच्या तीन गाठी

बोललेलं लिहून घेणारं अन् वेळेवर आठवण करून देणारं, आम्ही वापरायचो ते ॲप आज सकाळी कायमचं बंद झालं. ते अर्धापूरला राहणाऱ्या माझ्या मायसाठी होतं. तिला लई अंधुक दिसतं. ती फोनला सांगून ठेवायची, मग फोनच वेळेवर बोलायचा, "डोळ्यात थेंब टाका."

मी नांदेडहून धावत गेले. चार ॲप टाकून पाहिले. दोन मराठी घेईनात, उरलेले म्हणतात आधी टाईप करा.

माय म्हणाली, "राहू दे बाई, मी पदराला गाठ मारते."

संध्याकाळी पदराला तीन गाठी होत्या. एकेक चाचपत तिनं मलाच विचारलं, "ही कशाची गं मारली होती?"

तुमच्याकडं मराठीत बोललेलं घेणारं दुसरं काही चालतंय का? त्या गाठी सोडायला माझा हात धजत न्हाई.