तिसापुढचे पाढे

जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडल्याची बातमी बाबांनीच मला वाचून दाखवली. कोट्यवधी अंकांची. दोनला दोनानेच गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा, अशा घडणीची. चष्मा काढून ते म्हणाले, "घे. सगळ्यात मोठी सापडली. आता नागपूरले जाऊन तू काय शोधतं? इथंच बी.एड. कर."

मला एम.एस्सी.ला गणित घ्यायचं होतं आणि त्यासाठी आमचं सौंसर गाव सोडायचं होतं. यावरून घरात कितीतरी दिवस धुसफूस चालली होती. "सगळ्यात मोठी नसतेच," मी म्हटलं. "आतापर्यंत सापडलेल्यांत मोठी, एवढंच."

बाबा प्राथमिक शाळेचे निवृत्त गुरुजी. तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ, आणि अर्ध्या गावाकडून त्यांनी ते छडीच्या धाकाने घोटून घेतलेले. जी संख्या त्या पाढ्यांत कुठेच बसत नाही ती मूळ, हा त्यांचा कायदा.

मी सांगायला घेतलं. समजा, मूळ संख्या तेरापर्यंतच आहेत. त्या सगळ्यांचा गुणाकार करा, एक मिळवा. तीस हजार एकतीस. त्यांतल्या कुणीही भागलं तरी एक उरणारच. म्हणजे ही स्वतः तरी नवी मूळ संख्या, नाहीतर हिला भागणारी कुणीतरी तेराच्या पुढची. कुठेही थांबा, पुढे एक असतेच.

बाबा डोळे मिटून पुटपुटायला लागले. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस. "कोणाच्याच पाढ्यात येत नाही. मूळ आहे हे!"

"नाही, बाबा. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात गुणून पाहिलं. मग भडकले. "एकोणसाठचा पाढा कोण पाठ करते?"

"कोणी करत नाही म्हणून तो नाही का?" माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. खूप राग आला होता मला. "तुमचे पाढे तिसावर थांबतात, बाबा. मी नाही थांबून राहिली."

त्यांनी होकार दिला नाही. तरी मी नागपूरची बस धरली.

आता सुट्टीत घरी आले आणि पाहुणे बसलेले असले, की बाबा सांगतात, "पोरगी नागपूरले बी.एड. करून राहिली."

मी चहा ठेवते आणि सगळ्यांसमोर म्हणते, "नाही. गणित."