न सापडलेल्या कणाच्या शोधात शरयू मॅडम

डॉ. शरयू कडलग यांना मी प्रथम पाहिले ते पिंपरीच्या महाविद्यालयात, एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला. मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धान्तात 'अदिश' जातीचा एकच कण बसतो आणि तो सापडलाही आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र त्याला भावंडे असावीत, असे त्यांना वाटत होते. 'भावंडे' ऐकून वर्ग हसला, मॅडम हसल्या नाहीत. पीएच.डी. यांच्याकडेच करायची, हे मी तेव्हाच ठरवले.

परदेशातल्या एका अजस्र यंत्रात प्रोटॉनच्या टकरी होतात. त्यांची माहिती आम्ही इथे बसून चाळत असू. महाविद्यालयातली वीज गेली की मॅडम आम्हाला पिंपळे सौदागरच्या आपल्या घरी नेत, जेवू घालत आणि वाढता वाढता आमच्या आलेखांतल्या चुका दाखवत.

एका वर्षी आलेखात जिथे रेषा सपाट असायला हवी तिथे उंचवटा दिसला, म्हणजे नव्या कणाची चाहूलच. देशोदेशीचे सहकारी हुरळले. मी पेढे आणले, ते मॅडमनी बाजूला ठेवले. "आणखी माहिती येऊ द्या," एवढेच म्हणाल्या. तरी त्या दिवसांत त्या व्हरांड्यातून गुणगुणत येत. पुढे माहिती वाढली आणि उंचवटा विरून गेला. तो निव्वळ योगायोग होता. त्यानंतर मॅडमचे गुणगुणणे आम्ही पुन्हा ऐकले नाही.

माझ्या घरी तर निराशाच पसरली. वडील जालन्याहून येऊन चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये राबत होते. इतकी वर्षे शिकून मुलाने काय मिळवले, हे त्यांना उमगत नव्हते. मॅडमना हे कळताच त्या न बोलावता आमच्या खोलीवर आल्या. माझे काम चोख आहे, कण नाही सापडला यात माझा दोष नाही, असे त्यांनी वडिलांना समजावले.

"मग हाय कुठं त्यो?" वडिलांनी विचारले.

"ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "कदाचित नसेलही."

वडिलांनी मान हलवली. त्यानंतर इतके शिकून काय मिळवले, असे त्यांनी मला कधी विचारले नाही.

'अमुक वजनापर्यंत असा कण आढळत नाही' हे सिद्ध करून मला पदवी मिळाली. आज मी चाकणच्या कंपनीत नोकरी करतो. मॅडमनी त्या यंत्राच्या माहितीत आणखी तीन ठिकाणी शोध घेतला. तिन्हीकडे काही नव्हते.

मॅडमच्या गौरवार्थ निघणाऱ्या या ग्रंथासाठी भेटलो तेव्हा त्यांचे यश कोणत्या शब्दांत मांडावे, असे मी विचारले. "मी चुकीच्या जागी शोधलं, की शोधण्यासारखं काही नव्हतंच, हे मला आता कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं यंत्र उभं राहील तेव्हा मी नसेन. तुम्ही उगाच गोड लिहू नका."

म्हणून लिहीत नाही. पंचाहत्तरीनिमित्त त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे मनापासून मागतो. ते त्या यंत्रापर्यंत पुरणार नाही, हे मॅडमना ठाऊक आहे आणि मलाही.