आठ महिन्यांच्या रेषा

जमिनीखालच्या खडकांचं चुंबकत्व मोजणाऱ्याच्या अंगावर लोखंड चालत नाही. खिशात चावी नाही, कमरेला बक्कल नाही, बुटाला खिळा नाही. तेवीस वर्षं खांद्यावर यंत्र घेऊन किनारा पायी मोजणाऱ्या या मोजणीदाराचं पथ्य इतकं कडक, की कचेरीत त्याचं नावच 'बिनलोखंडी' पडलं होतं.

त्या सकाळी कचेरीच्या प्रमुख मॅडमनी नकाशा टेबलावर पसरला. समुद्रापलीकडचा खंड कोट्यवधी वर्षांपूर्वी याच किनाऱ्याला जोडलेला होता. तिकडे सापडलेला काळ्या खडकांचा पट्टा इकडेही सरळ पुढे जायला हवा होता. मोजणीदारानं चालून मोजलेल्या शेवटच्या सहा रेषांवर तो भलतीकडेच वळत होता.

"समुद्राकडे जाताना आकडे चढे, परतताना उतरलेले. यंत्र बिघडलंय," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर इथे जोड नव्हताच, असं लिहून मोकळं व्हावं लागेल."

"यंत्राला काय धाड भरलीय?" मोजणीदाराचा जोडीदार म्हणाला. "पोटच्या पोरासारखं जपतो हा."

पँटीखाली मोजणीदाराच्या गुडघ्याला पट्टा आवळलेला होता, दोन्ही बाजूंना पोलादी पात्या असलेला. मुलीनं आणून दिलेला. "बाबा, हा बांधला नाहीत तर चालणं बंद," असं तिनं बजावलं होतं. चालणं बंद म्हणजे फायलींच्या खोलीतली खुर्ची. यंत्र वर खांद्यावर, पट्टा खाली गुडघ्याला, एवढ्यानं काय होतंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

"यंत्र ठीक आहे, मॅडम." त्यानं पँट वर सरकवली, पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

जोडीदारानं यंत्र सुरू केलं. पट्टा जवळ नेताच आकडा उसळला.

"काय रे बिनलोखंडी!" जोडीदार हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"उद्यापासून यंत्र याच्याकडे," मॅडम जोडीदाराकडे बघत म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "या सहा रेषांपुरताच बांधला होता ना?"

हो म्हणायचा अवकाश, सहा रेषा पुन्हा मोजून प्रकरण मिटलं असतं.

"नाही. आठ महिने झाले."

आठ महिन्यांत चौऱ्याण्णव रेषा; आधीच्या ठिकाणी ताडून बघायला पलीकडचे खडक नव्हते, म्हणून चूक दिसली नव्हती. निम्म्या छापून पलीकडच्या खंडातल्या लोकांकडे गेलेल्या. मॅडमनी वही ओढली.

"तारखा सांगा. पट्टा होता त्या सगळ्या."

त्यानं पहिली सांगितली. मॅडमनी ती रेषा तांबड्या पेन्सिलीनं खोडली आणि मान वर न करता म्हणाल्या, "पुढची."