दादा, बस नीट

टेमघरला आमच्या घराची एक भिंत शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला चिकटलेली होती. लूम सुरू झाले की ती थरथरायची आणि तिच्यावरचे फोटो हळूहळू तिरके व्हायचे. पाहुण्यांना वाटायचं, या घरात कुणाला सरळ खिळा ठोकता येत नाही. माझ्यापुरतं ते खरंही होतं.

त्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी मोठ्या काकांचा फोटो होता. म्हणायला काका, पण फोटोतला मुलगा जेमतेम विशीतला. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानात होते. शेपटीकडे तोंड करून मागच्या जागेवर बसायचे आणि मशीनगन सांभाळायचे. ब्रह्मदेशातल्या कुठल्याशा जंगलावर त्यांचं विमान पाडलं गेलं. घरी तार आली, बस. देह नाही, राख नाही.

आत्या त्यांची धाकटी बहीण. ती आमच्याकडेच राहायची. रोज सकाळी चहाच्या आधी स्टुलावर चढून ती फोटो सरळ करायची, पदरानं काच पुसायची आणि म्हणायची, "दादा, बस नीट."

एकदा मी म्हटलं, "आत्या, खाली दोन बारीक खिळे मारतो. हलणारच नाही."

"हात लावून बघ! त्याच्यासाठी माझ्या हातानं करायला एवढंच ऱ्हायलंय." मग आईकडे वळून, "ह्याचा काका विमानात उलटा बसायचा गं. आणि ह्याला अंबाडीला जाणाऱ्या एसटीत ओकारी येते!"

शुक्रवारी लूमला सुट्टी. फोटो जागच्या जागी. त्या दिवशी आत्या भांडी जरा जास्तच आपटायची.

नव्वदनंतर शेजारच्या शेठनं लूम भंगारात काढले आणि तिथे गोदाम केलं. भिंत गप्प झाली. आत्या स्टुलावर चढायची, बघायची, उतरायची. काही दिवसांनी चढेनाशीच झाली. चहा समोर निवत असायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची.

शेवटी मी एक शक्कल काढली. ती उठायच्या आत फोटो जरा तिरका करून ठेवायला लागलो. पहिल्याच सकाळी आत्यानं स्टूल ओढलं. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की चहात साखर घालायची विसरलो.

बरेच दिवस असं चाललं. मग एका सकाळी काच पुसता पुसता ती, मागे न बघता, म्हणाली, "लूम गेले ते मला ठाऊक हाय."

मी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

"त्यो नेहमी उजवीकडं कलायचा. तू रोज डावीकडं पाडतोस. एक काम धड जमत न्हाय तुला."

"बरं. उद्यापासून उजवीकडे."

तिनं फोटो सरळ केला, स्टुलावरून उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि हळूच म्हणाली, "जास्त नको हां कलवू. पडंल त्यो."