रेघेच्या वरचा नियम

आमच्या इमारतीच्या अंगणात पोरी चौकोन आखून ठिकरी खेळतात. जी डाव जिंकते ती एक नवा नियम करते, आणि मग रोज भांडणं. आज मोठ्या सईने खडूने भिंतीवर सगळे नियम लिहिले आणि मधे रेघ ओढली. रेघेखालचे नियम जिंकणारीने खुशाल बदलावेत. वरचे मात्र सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय हलायचे नाहीत. बाल्कनीत बसल्या बसल्या मला हे पटलं. पोरीला अक्कल आहे.

तेवढ्यात धाकटी चिमी म्हणाली, "मला पण बाद धरा."

"तू कच्चं लिंबू. चुकलीस तरी बाद नाही, आणि तुला मतही नाही. हे वरचं आहे."

"कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

"मी कुठे होते?"

"पाणी प्यायला गेली होतीस."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. घरातही अशी रेघ असते. भाजी कुठली, पडदे कुठले, हे खालचं. ते मला विचारतात. माझी खोली नातवाला द्यायची आणि माझी खाट हॉलमध्ये टाकायची, हे वरचं. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय, आई," मुलगा म्हणाला. मी तेव्हा स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. घरात मला कोणी वाईट वागवत नाही. दूध उतू गेलं तरी सून म्हणते, "असू दे, आई."

खाली चिमीने लंगडी घालता घालता मुद्दाम चौकोनाच्या रेघेवर पाय दिला आणि सगळ्यांकडे पाहिलं. कोणीही "बाद!" म्हणून ओरडलं नाही.