मी फुंकर मारली नाही त्याची गोष्ट

कुठून सुरू करू आता? आधी चहा संपवून घ्या, कारण पुढं माझी इतकी फजिती आहे की मध्येच हसलात तर ठसका लागेल.

तुम्हाला माहीत आहेच, मी वाळूजला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्या कंपनीनं यंदा सीटी स्कॅनचं मशीन घेतलं. दवाखान्यात माणसाला घालतात ना आत, तसलंच, फक्त माणसाच्या जागी धातूचा पार्ट ठेवायचा. मशीन त्याच्या हजारभर कापांची चित्रं काढतं आणि सॉफ्टवेअर ती एकावर एक रचून अख्खा पार्ट स्क्रीनवर उभा करतं. हवा तसा फिरवा, आरपार बघा. त्याचं ट्रेनिंग घेतलेला कंपनीत एकच माणूस. कोण ते ओळखलंच असेल तुम्ही. ट्रेनिंग आठ दिवसांचं होतं, पण आल्यापासून मी असा वागत होतो की जणू मशीन मीच शोधून काढलंय.

त्या दिवशी पंपाच्या बॉडीचं पहिलं सॅम्पल होतं. नवा कस्टमर, तीन वाजता त्यांची माणसं पास-नापास ठरवायला येणार. या बॉडीच्या पोटातून पाण्याची एक वाकडीतिकडी वाट जाते. धातूत अशी वाट ठेवायची तर आधी तिच्याच आकाराचा वाळूचा एक तुकडा घडवावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. तो साच्यात ठेवायचा, भोवती धातू ओतायचा, गार झालं की वाळू झटकून टाकायची. मागं राहते ती पोकळी.

हे कोअर आमच्याकडं सलीमचाचा हातानं करतात. हर्सूलहून येतात, तीस वर्षं झाली, दिवाळीनंतर रिटायर. चाचांचं काम बंद करून कोअर बाहेरून मागवावेत, अशी कुजबुज ऑफिसात सुरू होती. सॅम्पल नापास झालं असतं तर चाचांचे शेवटचे महिने पॅकिंगमध्ये खोकी बांधण्यात गेले असते.

तर सकाळी स्कॅन झाला. मी ऐटीत डेटा उघडला आणि स्क्रीनवर काय? पांढरा ठोकळा. साबणाची नवी वडी ठेवावी तसा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तोच ठोकळा. आयटीवाल्याला बोलावून ग्राफिक्स कार्डाच्या नावानं बोटं मोडली. त्यानं कार्ड तपासलं, ते ठणठणीत होतं. माझ्याकडं एकदा बघून तो निघून गेला.

मग मी डोकं लढवलं. सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचा भाग छाटायची सोय असते. सगळ्या बाजूंनी छाटत गेलो, छाटत गेलो, आणि आतून एक वाकडा, घट्ट गोळा बाहेर आला. नेमका जिथून पाण्याची वाट जायला हवी तिथंच! मी तिथंच निदान करून टाकलं. कोअर मोडला, वाटेत धातू भरला, बॉडी बंद झाली.

आता मला सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? सॅम्पल शेजारच्याच टेबलावर होतं. एका भोकातून फुंकर मारायला कितीसा वेळ लागतो? पण फुंकर काय, कुणीही मारेल. मी मेल लिहिला. सॅम्पल नापास, कोअरमध्ये गंभीर दोष, वगैरे. शेवटी साहेबी थाटात एक शिफारसही ठोकून दिली: ज्या व्यक्तीकडून ही चूक झाली, तिला आठवडाभर कामावरून बाजूला करून कोअर बनवण्याचं ट्रेनिंग द्यावं. आणि मेल प्लान्ट हेडपासून स्टोअरपर्यंत सगळ्यांना पाठवून दिला.

पाच मिनिटांत प्लान्ट हेड जाधव साहेब माझ्या खोलीत. मागं सलीमचाचा, हाताला वाळू तशीच. कस्टमरला येऊ नका म्हणून कळवायचं का, एवढंच साहेब विचारत होते. चाचा वाद घालायला आलेच नव्हते. म्हणाले, मला एकदा बघू द्या. डॉक्टर नातेवाइकांना एक्स-रे दाखवतात तशा चेहऱ्यानं मी स्क्रीन वळवला. चाचांनी शर्टाला चष्मा पुसला, तो गोळा माझ्याकडून दोनदा फिरवून घेतला आणि चक्क हसले.

"काळे साब, हा धातू नाय. हा माझा कोअर हाय."

मी शांतपणे समजावलं की चाचा, कोअरची वाळू परवाच झटकून टाकली, कोअर आता अस्तित्वातच नाही.

"व्हय, वाळू गेली. तिची जागा तर हाय ना? इथं दबलेलं बघा. कोअरचे दोन अर्धे चिकटवले की जोडावर मी अंगठा फिरवतो, त्याचा दाब हाय हा."

त्यांनी अंगठा स्क्रीनजवळ धरला. तोच बाक, तोच तिरकेपणा. मग त्यांनी टेबलावरचं सॅम्पल उचललं, तोंडाला लावलं आणि फुंकलं. दुसऱ्या टोकाला मी बसलो होतो. आत उरलीसुरली वाळू होती ती सगळी माझ्या तोंडावर आली.

झालं होतं असं. आमच्या जुन्या एक्स-रेच्या स्क्रीनवर धातू काळा दिसायचा आणि पोकळी उजळ. स्कॅनमध्ये बरोबर उलटं असतं. मी सवयीनं सॉफ्टवेअरला सांगून बसलो होतो की काळं ते दाखव, उजळ ते लपव. बिचाऱ्यानं ऐकलं. ठोकळा म्हणजे पार्टभोवतीची हवा, आणि गोळा म्हणजे पार्टच्या पोटातली हवा. सकाळपासून मी हवेला नापास करत होतो.

सेटिंग उलटं केलं आणि बॉडी झळकली. आतली वाट मी टोकापासून टोकापर्यंत मोजली, कुठं काही खोट निघेना. खरं सांगतो, मला त्या क्षणी चाचांच्या पाया पडावंसं वाटलं. जी वस्तू शेवटी झटकून फेकूनच द्यायची, ती हा माणूस तीस वर्षं इतक्या जिवापाड घडवतोय की ती नसतानाही त्याला ओळखू येते.

तीन वाजता सॅम्पल पास झालं. कोअर चाचांकडंच राहिले. कस्टमर गेल्यावर जाधव साहेबांनी माझ्या मेलची प्रिंट काढली, शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "काळे, शिफारस मंजूर."

सोमवारी मी कोअर शॉपमध्ये हजर. चाचांनी लेकरासारखं शिकवलं, त्या मेलचा चकार शब्द काढला नाही. माझे कोअर हातात घेताक्षणी ढासळायचे. शनिवारी एक कसाबसा अख्खा निघाला. चाचांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि साच्यात ठेवला. धातू ओतला, गार झाला, स्कॅन मीच केला.

स्क्रीनवर पाण्याची वाट दिसेना. मी सेटिंग उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. शेवटी पार्टच उचलला आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं. दुसरीकडून वारं म्हणून येईना. कोअर मोडला होता, वाटेत धातू भरला होता, बॉडी बंद झाली होती. माझा रिपोर्ट शब्दन्‌शब्द खरा होता, फक्त मी तो आठवडाभर आधी पाठवला होता.